जुनी खुर्ची की हलके काम? दारू सुटल्यानंतरच्या पहिल्या वर्षातील निर्णय

दारू सुटून तीन-चार महिने झाले, झोप थोडीफार लागू लागली आणि रजा संपत आली, की जुन्या पदावर जुन्याच वेगाने रुजू व्हावे की काही काळ कमी जबाबदारीचे वेगळे काम पत्करावे, हा प्रश्न समोर येऊन ठाकतो. दोन्ही बाजूंनी सल्ला देणारे भेटतात आणि दोघांपाशीही दाखले असतात.

दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांना आधार देणारी संघटना म्हणजे अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस. तिच्या जन्मकथेत तर हे दोन्ही दाखले एकत्रच सापडतात. मे १९३५ मध्ये बिल विल्सन हा एके काळी शेअर बाजारात नाव कमावलेला माणूस अमेरिकेतील ॲक्रन शहरात एका यंत्रकंपनीचा ताबा मिळवण्याच्या खटपटीत होता. डाव फसला. पाच महिने दारूला न शिवलेला बिल हॉटेलच्या लॉबीत एकटा उरला. एका बाजूला बारमधला गलका ऐकू येत होता आणि दुसऱ्या बाजूला टेलिफोन होता. त्याने फोन उचलला आणि त्यातून त्याची गाठ बॉब स्मिथ या शल्यचिकित्सकाशी पडली. डॉ. बॉब यांनी शेवटचा घोट १० जून १९३५ रोजी घेतला असे संघटना मानते. त्या दिवशी त्यांना शस्त्रक्रिया करायची होती आणि हात थरथरू नयेत म्हणून खुद्द बिलनेच त्यांना बिअर दिली होती. पुढे डॉ. बॉब आपल्या पेशातच राहिले. बिलची बाजारातली कारकीर्द मात्र पुन्हा कधी नीट उभी राहिली नाही. सोबर दोघेही राहिले. त्यामुळे ‘जुने काम सोडलेच पाहिजे’ आणि ‘कामावर परतले की माणूस सावरतो’ ही दोन्ही ठाम मते मला सारखीच उथळ वाटतात.

जुन्या पदाची बाजू आधी पाहू. नियमित पगार, फेडायचे कर्ज, दिवसाला असलेला आकार आणि ‘मला हे काम येते’ हा विश्वास यांचे मोल पहिल्या वर्षात फार असते. अमेरिकेतील १६ राज्यांत व्यसनावर उपचार घेतलेल्या ९०४ डॉक्टरांचा पाच वर्षांचा आढावा २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांचा पुढचा ठावठिकाणा कळला, त्यांपैकी तीन-चतुर्थांशांहून अधिक जण पाच वर्षांनी परवान्यासह काम करत होते. हा आकडा उत्साहाने सांगितला जातो, पण त्यामागची व्यवस्था सांगायची राहून जाते: लेखी करार, अचानक होणाऱ्या तपासण्या आणि चूक झाल्यास परवाना जाण्याची टांगती तलवार. असे कोणतेही कुंपण नसताना जो एकटाच जुन्या खुर्चीवर परततो, त्याने हा आकडा आपला मानू नये.

या बाजूचे धोकेही नीट पाहायला हवेत. दारू थांबल्यावर एकाग्रता, नियोजन आणि नुकतीच ऐकलेली गोष्ट डोक्यात धरून ठेवण्याची क्षमता हळूहळू, कित्येक महिन्यांत परत येते. पदाच्या अपेक्षा मात्र पहिल्याच सोमवारी पूर्ण वजनाने समोर उभ्या राहतात. त्यात ‘वाया गेलेली वर्षे भरून काढायची’ ही ईर्ष्या आली, की माणूस रात्री अकरापर्यंत थांबू लागतो, आधी संघटनेची एक मीटिंग चुकते, मग स्पॉन्सरचा, म्हणजे आधी दारू सोडून आता आपल्याला वाट दाखवणाऱ्या सोबत्याचा, फोन उद्यावर जातो, आणि घरचे म्हणतात, किती सुधारला. अपयशानंतर सगळे त्याच्यावर डोळा ठेवून असतात. यशानंतर कोणीच नसते. सादरीकरण उत्तम झाले, साहेबांनी चारचौघांत पाठ थोपटली, संध्याकाळी सात वाजता सगळे ‘चला’ म्हणून उठले, आणि ज्या हाताला इतकी वर्षे अशा वेळी ग्लासची सवय होती तो रिकामा आहे: माझ्या मते पहिल्या वर्षातली सर्वांत अवघड घडी ही आहे, नोकरी जाण्याची नव्हे.

हलक्या कामात ही घडी टळते. संध्याकाळ मोकळी राहते, झोप आणि उपचार यांना ठरलेली वेळ मिळते. पण कालपर्यंत हाताखाली असलेल्या माणसाकडून रजा मंजूर करून घ्यावी लागली, की ‘मी कोण होतो’ हा सल मनात घर करतो, आणि मोकळी संध्याकाळ त्या सलालाही तितकीच मोकळी मिळते. पैशाची ओढाताण असेल तर हा पर्याय कागदावरच सोपा दिसतो.

अनेकांना तिसरी वाट खुणावते: व्यसनमुक्तीतच समुपदेशक व्हावे. काम चांगले आहे, पण पहिल्या वर्षात नको. स्वतःचे सोबर राहणे हाच पगाराचा आधार झाला, तर घसरण झाल्यावर ती कबूल करायला जागा उरत नाही. बिललाही एका रुग्णालयाने पगारी काम देऊ केले होते. गटातील सहकाऱ्यांनी हरकत घेतली आणि त्याने ते नाकारले. १९५४ मध्ये येल विद्यापीठाची मानद पदवीही त्याने घेतली नाही. महत्त्वाकांक्षा आपल्याला कुठे नेते, याची त्याला पुरती जाण होती, असे मी समजतो.

माझा कल असा: पिणे हा कामाचाच भाग असेल, म्हणजे ग्राहकांसोबतची जेवणे, फिरती, हॉटेलातल्या एकट्या रात्री, तर पद नाही तरी निदान भूमिका बदलावी, पगार घटला तरी. तसे नसेल, तर जुनीच खुर्ची ठेवावी, मात्र बारा महिने बढती आणि नवा विभाग यांना नकार द्यावा. बारा महिने हा आकडा मनचा नाही. मानसोपचारातील प्रचलित निदानपद्धतीही तीन ते बारा महिन्यांच्या काळाला सुरुवातीची मुक्तता म्हणते आणि टिकाऊ मुक्तता त्यानंतरच मानते.

होकार देण्यापूर्वी आठवड्याच्या कोऱ्या तक्त्यात मीटिंग, डॉक्टर आणि झोप यांच्या वेळा आधी लिहाव्यात आणि तो तक्ता घेऊनच वरिष्ठांशी बोलावे. व्याधीचे नाव सांगायचे की नाही हे आपण ठरवावे. पण मंगळवारी सहानंतर उपलब्ध नसेन, एवढे सांगावेच लागेल. त्यावर समोरून काय उत्तर येते, ते ऐकून मग सही करावी.