आइस्ड-एक्स८६: हेक्स आकडे हवे तसे छापून देणारी डिसअसेंब्लर लायब्ररी

डिसअसेंब्लीचं (प्रोग्रामचे बाइट वाचता येतील अशा सूचनांत उलगडण्याचं) आउटपुट नुसतं वाचायचं असेल, तर १०एच काय आणि ०एक्स१० काय (दोन्ही हेक्समधले, म्हणजे १६च्या पायावरचे, १०), डोळ्यांना दोन्हीची सवय होते. तेच आउटपुट परत असेंब्लरला (सूचनांचे पुन्हा बाइट करणाऱ्या प्रोग्रामला) द्यायचं किंवा दुसऱ्या साधनाच्या आउटपुटशी डिफ करायचं ठरलं, की आकड्याची लेखनपद्धत कळीची ठरते. या बाबतीत आइस्ड-एक्स८६ ही लायब्ररी मला सगळ्यांत नेमकी वाटते.

तिच्यात मासम, नासम, इंटेल आणि गॅस असे चार मुख्य फॉरमॅटर (सूचना त्या-त्या लेखनशैलीत छापणारे भाग) आहेत. पहिले तिन्ही मुळात 'एच' हा प्रत्यय लावतात, गॅस '०एक्स' हा उपसर्ग. बदल करायचा तर फॉरमॅटरच्या ऑप्शन्समध्ये 'हेक्स प्रीफिक्स' आणि 'हेक्स सफिक्स' या दोन स्ट्रिंग आहेत. इथे हमखास होणारी चूक म्हणजे प्रीफिक्स भरायचा आणि सफिक्स रिकामा करायला विसरायचं. मग ०एक्स१०एच असं छापून येतं, कारण लायब्ररी दोन्ही निमूटपणे जोडते.

प्रत्ययाची पद्धत ठेवणार असाल तर 'ॲड लीडिंग झीरो टू हेक्स नंबर्स' हा पर्याय कधीही बंद करू नका. तो मुळात चालूच असतो. दशमान १० म्हणजे हेक्समध्ये ए. त्याला एच लागला की 'एएच', आणि ते तर रजिस्टरचं (प्रोसेसरमधल्या छोट्या साठवण-जागेचं) नाव! बी, सी, डी यांचंही तेच. 'मूव्ह एएल, ०एएच' याचे बाइट बी० ०ए. पुढचं शून्य गेलं की असेंब्लर ८८ ई०, म्हणजे 'मूव्ह एएल, एएच', देऊ शकतो. दोन्ही सूचना दोन-दोन बाइटच्या, त्यामुळे पुढचे पत्ते सरकत नाहीत, एररही येत नाही, आणि चूक तशीच आत राहते. झायडिस या दुसऱ्या डिसअसेंब्लर लायब्ररीमध्येही यासाठी स्वतंत्र प्रॉपर्टी आहे. तिथे प्रत्यय स्वतः लावलात तर ती चालू आहे ना, हे आधी पाहा.

'स्मॉल हेक्स नंबर्स इन डेसिमल' हाही मुळात चालू असतो, म्हणून ० ते ९ हे आकडे उपसर्ग-प्रत्ययाविना येतात. वाचायला छान, पण ०एक्स८ शोधणाऱ्या स्क्रिप्टला काहीच सापडत नाही. ऑब्जडम्प या डिसअसेंब्ली साधनाच्या इंटेल आउटपुटशी ताडून पाहायचं असेल तर हा पर्याय बंद, 'अपरकेस हेक्स' बंद, प्रीफिक्स ०एक्स आणि सफिक्स रिकामा. एवढ्याने साधे आकडे बहुतांशी जुळतात. स्पेस आणि मेमरीच्या आकाराचे शब्द मात्र वेगळे जुळवावे लागतात.

ऋण आकड्यांसाठी 'साइन्ड इमिजिएट ऑपरंड्स' चालू करा (इमिजिएट म्हणजे सूचनेतच लिहिलेला आकडा). एरवी आरएसपी या रजिस्टरमध्ये -८०एच मिळवणारी सूचना एफच्या लांबलचक माळेसह येते आणि तिथे ८० बाइटच वजा होत आहेत की आणखी काही, हे पाहायला अंक मोजत बसावं लागतं. (८० म्हणजे अर्थात हेक्समधले, दशमान १२८.) लांब पत्त्यांसाठी 'डिजिट सेपरेटर' अंडरस्कोर ठेवता येतो. नासमला तो चालतो, पण मासमकडे जाणाऱ्या फाइलमध्ये तो नको.

उणीव एकच, पण मोठी: ही फक्त एक्स८६ प्रोसेसरची लायब्ररी. आर्म प्रोसेसरसाठी कॅपस्टोन या लायब्ररीकडे जावं लागतं आणि तिथे एवढी मोकळीक नाही. ९ पर्यंतचे आकडे दशमानात छापण्याची मर्यादा त्याच्या सोर्समध्येच पक्की केलेली आहे. ती बदलायची तर पुन्हा कंपाइल करा. आणि खिडकी उघडून टिचकी मारायची सोय हवी असेल तर एक्स६४डीबीजी हा डीबगर बरा: प्रेफरन्सेसच्या डिसॅसम टॅबमध्ये ०एक्सचा चेकबॉक्स आहे.

सेटिंग बदलल्यावर आउटपुट असेंबल करून मूळ बाइटशी ताडून पाहा. फरक दिसला तरी लगेच चूक समजू नका. 'मूव्ह एएल, एएच' ही सूचना ८८ ई० आणि ८ए सी४ अशा दोन्ही प्रकारे लिहिता येते. अशा जागी दोन्ही बाजू पुन्हा डीकोड करून सूचनेशी सूचना जुळते का ते बघा.