जुन्या झेनचे गंजलेले ब्रेक पाइप बदलले, त्यानंतरचे अकरा महिने

रत्नागिरीत मिऱ्याच्या बाजूला, समुद्रापासून अर्ध्या किलोमीटरच्या आत आमचे घर आहे आणि 2002 सालची मारुती झेन गेली अनेक वर्षे त्याच अंगणात उभी असते. वरचा पत्रा मी नेहमी जपला, पण गाडीच्या तळाशी पुढून मागे जाणाऱ्या ब्रेकच्या पोलादी नळ्यांकडे कधी वाकून पाहिले नव्हते. मागच्या वर्षी गणपतीनंतर एका सकाळी गाडी मागे घेताना पेडल नेहमीपेक्षा बरेच खोल गेले आणि डॅशबोर्डवरचा लाल दिवा लागला. गाडी थांबली, कारण मास्टर सिलिंडरमध्ये, म्हणजे पेडल दाबल्यावर ब्रेक ऑइल नळ्यांत ढकलणाऱ्या भागात, दोन स्वतंत्र कप्पे असतात आणि एका बाजूचे ऑइल गेले तरी दुसऱ्या बाजूची दोन चाके ब्रेक धरतात. खाली पाहिले, तर मागच्या डाव्या चाकाच्या थोडे पुढे अंगणातल्या चिऱ्यांवर ऑइलचा ओघळ होता.

गाडी चालवत न नेता ट्रॉलीवर चढवून गॅरेजमध्ये नेली. ब्रेकची नळी तळाला ठिकठिकाणी प्लास्टिकच्या क्लिपांनी धरलेली असते. फुटलेल्या जागेवरची क्लिप काढली तेव्हा तिच्याखाली खारट चिखलाचा ओला थर बसलेला होता आणि नखाने खरवडताच नळीचे पापुद्रे सुटू लागले. दोन क्लिपांमधला उघडा भाग मात्र काळा, गुळगुळीत, जवळजवळ नव्यासारखा होता. पावसाचे पाणी उघडी नळी धुऊन काढते, पण क्लिपेखालचे मीठ तिथेच राहते, त्यामुळे नुसती टॉर्च मारून पाहणाऱ्याला हा गंज दिसत नाही. आम्ही एकेक क्लिप काढत गेलो, तेव्हा आणखी चार जागा त्याच अवस्थेत सापडल्या.

गॅरेजमधल्या मेकॅनिकने सुचवले, "काका, एवढाच तुकडा कापतो आणि मध्ये फ्रिजची तांब्याची नळी जोडून देतो, तासाभरात गाडी घेऊन जा." हा उपाय आपल्याकडे सर्रास केला जातो, म्हणून त्याला नकार देण्याचे कारण स्पष्ट लिहितो. टायरमध्ये हवेचा दाब दोन बारच्या आसपास असतो, तर जोरात ब्रेक मारल्यावर या नळीत 70 ते 100 बारपर्यंत दाब चढतो. फ्रिजच्या कामासाठी बनवलेला फेरूलचा (नळीभोवती आवळल्या जाणाऱ्या कडीचा) जॉइंट आणि सतत हादरे बसून कडक होत, शेवटी तडकणारे शुद्ध तांबे यांच्या भरवशावर मी घरच्यांना आंबा घाटातून नेणार नाही.

दुसऱ्या गॅरेजने चारही चाकांच्या पोलादी नळ्या काढून त्या जागी तांबे आणि निकेल यांच्या मिश्रधातूच्या 4.75 मिलिमीटर बाहेरच्या व्यासाच्या नळ्या घातल्या. यात सुमारे 90 टक्के तांबे आणि 10 टक्के निकेल असते. हाच मिश्रधातू समुद्राच्या पाण्याच्या पाइपांसाठी जहाजांवर वापरतात, आणि व्होल्वोने तर 1970 च्या दशकातच तो आपल्या गाड्यांच्या ब्रेकसाठी घेतला. पंचवीस फुटांची गुंडाळी मुंबईहून मागवावी लागली. नळी इतकी मऊ असते की जुन्या नळीच्या बाजूला धरून हातानेच वळणे देता येतात. खरे कौशल्य टोकाला असते. जुन्या नळीचे टोक पाहून त्याच प्रकारचा, म्हणजे या गाडीला दुहेरी, फ्लेअर (जोडात घट्ट बसण्यासाठी नळीच्या टोकाला पसरवून दुमडलेली कड) पाडावा लागतो आणि त्याआधी नट नळीत ओवून ठेवावा लागतो. नळी करवतीने न कापता कटरने सरळ कापून आतली कड साफ केली, तरच फ्लेअर मध्यावर बसतो.

काम अडले ते नळ्यांमुळे नव्हे. मागच्या चाकांत ब्रेक दाबणाऱ्या दोन्ही व्हील सिलिंडरच्या ब्लीडर निपल (ऑइलमधली हवा काढायचे छोटे स्क्रू) गंजून इतक्या पक्क्या बसल्या होत्या की एक तुटली, त्यामुळे सिलिंडरची जोडीच नवीन घ्यावी लागली. ज्यांना हे काम करायचे आहे त्यांनी निपल आणि नट दोन दिवस आधीपासून गंज सोडवणाऱ्या तेलात भिजत ठेवावेत आणि नटांना साधा पाना न लावता फ्लेअर नटचा पाना लावावा, नाहीतर कोपरे झिजून नट गोल होतो. सगळा खर्च साडेआठ हजारांच्या आसपास आला, त्यात सिलिंडरही धरले आहेत.

पहिल्या आठवड्यात मी रोज रात्री प्रत्येक जोडाभोवती वर्तमानपत्राचा कागद गुंडाळत असे. पाचव्या दिवशी उजव्या पुढच्या जोडाखालचा कागद ओलसर लागला. फ्लेअर किंचित तिरका झाला होता. तो कापून नवीन पाडला, नळ्यांतली हवा पुन्हा काढली, आणि तेव्हापासून कुठेही थेंब नाही. त्यानंतर गाडी सुमारे नऊ हजार किलोमीटर चालली, अख्खा पावसाळा गेला, आंबा घाट सहा वेळा उतरलो. पेडल पहिल्या दिवशी जितक्या उंचीवर घट्ट लागत होते, तितक्याच उंचीवर आजही लागते. ब्रेक ऑइल डॉट 3 ऐवजी डॉट 4 या वरच्या दर्जाचे घातले. ताजे असताना त्याचा उत्कलनबिंदू किमान 230 अंश सेल्सिअस असतो, पण हवेतले पाणी शोषून तो 155 पर्यंत उतरू शकतो, आणि कोकणातल्या दमट हवेत पाणी शोषले जायला वेळ लागत नाही.

गेल्या रविवारी सर्व क्लिपा पुन्हा काढल्या. नळीचा रंग तांबूस होता तो मंद तपकिरी झाला आहे, पण पापुद्रा किंवा खड्डा एकही नाही. उणीव सांगायची तर मऊपणाचीच. मागच्या चाकाजवळ खडी उडून नळीला एक बारीक चेप पडली आहे. ती आत्ता धोक्याची नाही, तरी तेवढ्या भागावर रबरी नळीचे आवरण चढवले आणि दोन क्लिपा वाढवल्या. आता मागच्या ॲक्सलजवळच्या रबरी होजना वाकवल्यावर बारीक भेगा दिसतात. ऑक्टोबरमध्ये ऑइल बदलताना त्याही बदलून घेणार आहे.