एफसीएम 36 : भक्कम बांधा, एका माणसाचा बुरूज

दोन महायुद्धांच्या मधल्या काळात फ्रान्सने पायदळाच्या मदतीसाठी जे हलके रणगाडे करवून घेतले, त्यांत बांधणीच्या दृष्टीने एफसीएम 36 मला सर्वांत सरस वाटतो. 1933 मध्ये सैन्याने जुन्या रेनॉ एफटीची जागा घेऊ शकेल असा दोन माणसांचा रणगाडा मागितला, तेव्हा रेनॉ आणि हॉचकिस या कंपन्यांनी पोलादाचे ओतीव भाग बोल्टांनी जोडण्याचा मार्ग निवडला. एफसीएम ही मुळात जहाजे बांधणारी कंपनी; तिने 40 मिलिमीटरपर्यंत जाडीचे पत्रे वेल्डिंगने जोडले आणि समोरून येणारा गोळा निसटून जावा म्हणून ते तिरपे बसवले. बाजूच्या पत्र्यांना ठेवलेल्या उतरत्या खाचा आवर्जून पाहाव्यात: रणगाडा ज्यांवर चालतो त्या पट्ट्यांवर साचणारा चिखल त्यांतून आपोआप बाहेर पडतो.

इंजिन डिझेलचे आहे, हा या गाडीचा दुसरा मोठा गुण. डिझेल पेट्रोलइतके चटकन पेट घेत नाही आणि पुरतेही जास्त. सुमारे 12 टनांची ही गाडी एका भरणीत 200 किलोमीटरच्या वर जाई, तर पेट्रोलवर चालणारा रेनॉ आर 35 त्याच्या बराच अलीकडे थांबे. वेग मात्र ताशी 24 किलोमीटरच्या आसपास, म्हणजे पायदळाबरोबर चालण्यापुरताच.

माझी खरी तक्रार बुरुजाबद्दल, म्हणजे तोफ बसवलेल्या वरच्या फिरत्या भागाबद्दल आहे. त्यात एकच माणूस बसतो, आणि शत्रू शोधणे, तोफ भरणे, नेम धरणे, गोळा डागणे, मशीनगन चालवणे, शिवाय चालकाला वाट सांगणे ही सारी कामे त्या कमांडरनेच करायची. सोबत रेडिओही नाही. तोफ पहिल्या महायुद्धातील आखूड नळीची 37 मिलिमीटरची. ती मशीनगनच्या मोर्च्यांवर चालते, पण जाड चिलखतापुढे तिचे काही चालत नाही. लांब नळीची नवी तोफ बसवून पाहिली, तेव्हा बुरुजाचे जोड तिचा हादरा सोसण्यास कमी पडले. इतक्या काळजीने घडवलेल्या गाडीची शस्त्राच्या बाबतीत अशी अडवणूक व्हावी, याचे मला मनापासून वाईट वाटते.

14 मे 1940 च्या सकाळी ईशान्य फ्रान्समधील सेदाँच्या दक्षिणेस बुल्सों आणि शेमेरी या गावांच्या परिसरात फ्रान्सच्या सातव्या रणगाडा बटालियनने जर्मनांवर हेच रणगाडे घेऊन प्रतिहल्ला केला. आदल्या रात्रीचे मोलाचे तास आदेशांच्या घोळात गेले होते. जर्मनांच्या 37 मिलिमीटर तोफांचे गोळे सुरुवातीला चिलखतावरून निसटत होते. पण जर्मन रणगाडे येऊन पोहोचल्यावर एकट्या कमांडरांच्या हातून त्या वेगवान लढाईला तोंड देणे शक्य झाले नाही आणि बटालियनचे बहुतेक रणगाडे तेथेच गेले.

एकूण 100 गाड्या तयार झाल्या. पुढच्या मागणीसाठी कंपनीने 4,50,000 फ्रँकांची किंमत थेट दुप्पट, 9,00,000 फ्रँक केली आणि ती मागणी बारगळली. वेल्डिंगचे काम जवळून पाहायचे असल्यास फ्रान्समधील सोम्यूरच्या रणगाडा संग्रहालयात एक नमुना जपलेला आहे. पुढे जर्मनांनी हाती लागलेल्या काही गाड्यांचे बुरूज उतरवून टाकले आणि त्याच सांगाड्यांवर 75 मिलिमीटरच्या रणगाडाविरोधी तोफा आणि 105 मिलिमीटरच्या हॉविट्झर (उंच मारा करणाऱ्या तोफा) चढवल्या.