व्हाइसरॉयांचा तक्ता : मिंटो दोन, फोटो एकच

नाशिकच्या कॉलेज रोड, गंगापूर रोडच्या अभ्यासिकांमध्ये भिंतीवर दिसतो तो ‘गव्हर्नर जनरल आणि व्हाइसरॉय’ तक्ता. लॅमिनेशन जाड आहे, कडा उकलत नाहीत, चार फुटांवरून सनावळ्या वाचता येतात. त्या बऱ्याचशा बरोबरही आहेत. घोळ आहे तो नावांचा.

१८०७–१३ च्या रकान्यात ‘लॉर्ड मिंटो’, १९०५–१० ला पुन्हा ‘लॉर्ड मिंटो’ आणि दोन्हीकडे तोच मिशाळ फोटो. पहिला मिंटो १८१४ मध्ये वारला, तेव्हा कॅमेरा होता कुठे? फोटो आहे त्याच्या पणतूचा. रणजितसिंहाशी अमृतसरचा तह १८०९ चा, पणजोबाच्या काळातला. कौन्सिलांच्या सुधारणा १९०९ च्या, पणतूच्या. त्याच वर्षी २१ डिसेंबरला आपल्या विजयानंद थिएटरात अनंत कान्हेऱ्यांनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या, तेव्हाही व्हाइसरॉय हा पणतूच. बरोबर शंभर वर्षांचं अंतर असल्यामुळे ‘जोड्या लावा’मध्ये इथे पाय घसरतो.

दुरुस्ती करताना नुसतं ‘पहिला, दुसरा’ लिहून मोकळं होऊ नका. ती आपली मोजणी, भारतात आलेल्यांपुरती. ब्रिटिश क्रमांक किताबाचा असतो आणि त्यात इकडे न फिरकलेले वारसही धरतात. मधले दोघे दुसरा आणि तिसरा अर्ल (ब्रिटिश सरदारकीचा एक दर्जा), म्हणून १९०५ चा मिंटो चौथा. ‘दुसरा अर्ल’ म्हणून शोधाल तर १८३५–४१ मधला ब्रिटिश आरमाराचा मंत्री हाती लागेल. शिवाय पहिला मिंटो अर्ल झाला तोच १८१३ मध्ये. त्याआधी तो बॅरन, म्हणजे खालच्या दर्जाचा सरदार होता.

एल्गिनचं तसंच. १८६२–६३ चा आठवा अर्ल, १८९४–९९ चा नववा, हे बाप-लेक. बाप नोव्हेंबर १८६३ मध्ये धर्मशाळेला वारला, थडगंही तिथेच. १८९७ मध्ये रँडचा वध झाला तेव्हाचा एल्गिन म्हणजे लेक. तक्त्याच्या तळटिपेत अथेन्सच्या पार्थेनॉन मंदिराची शिल्पं १८६२ च्या एल्गिनच्या खात्यावर टाकली आहेत. ती नेली त्याच्या वडिलांनी, सातव्या अर्लने.

हार्डिंजच्या रकान्यात चूक उलटी आहे. १८४४–४८ चा हेन्री हा पहिला व्हायकाउंट हार्डिंज, १९१०–१६ चा चार्ल्स त्याचा नातू. इथे तक्ता उत्साहाने ‘हार्डिंज दुसरे’ छापतो. पण आजोबांचा किताब चार्ल्सकडे आलाच नाही; त्याला १९१० मध्ये पेन्सहर्स्टच्या बॅरनचा नवा किताब मिळाला. इथे आकडा न लिहिता ‘नातू, वेगळा किताब’ एवढंच लिहा.

वॉरन हेस्टिंग्जच्या आधी ‘लॉर्ड’ चिकटवलंय, ते खोडा. लॉर्ड हेस्टिंग्ज म्हणजे १८१३–२३ चा मार्क्वेस. तळाच्या मुंबईच्या यादीत १८१९–२७ चा माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनही ‘लॉर्ड’ झालाय. तो अकराव्या लॉर्डचा चौथा मुलगा, आणि किताब जातो थोरल्याकडे. १८५३–६० चा गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन हा त्याचा पुतण्या, तेरावा लॉर्ड. मुंबईचं एल्फिन्स्टन कॉलेज काकाच्या नावाचं. प्रभादेवी स्टेशनचं जुनं नाव पुतण्याचं.

थोरले बाजीराव, दुसरे बाजीराव, थोरले माधवराव, सवाई माधवराव हे आपल्याला सहज जमतं, कारण तिथे माणसाचंच नाव पुन्हा येतं. इथे पुन्हा येतो तो किताब, आणि तो बहुधा गावाचा असतो. आडनाव पाहिलं की गाठ सुटते: मिंटो एलियट, एल्गिन ब्रूस, डलहौसी रॅम्से. तक्त्यात आडनावाचा रकानाच नाही, ही खरी उणीव. मिशाळ फोटो त्यापुढे काहीच नाही.

तक्ता घ्यायचाच असेल तर सोबत बारीक टोकाचा सीडी मार्कर घ्या. बॉलपेन लॅमिनेशनवर उठत नाही. चुकलं तर सॅनिटायझर लावलेल्या कापसाने पुसा. नावाच्या रकान्यात आकडा आणि आडनाव एवढंच मावतं, नातं सनावळीच्या मागच्या रिकाम्या पट्टीत लिहा. आणि १८०७ च्या फोटोवर कागद चिकटवा.