एस्सिटॅलोप्रॅम १० मिलिग्रॅम : दहा महिन्यांच्या वापरानंतर

नैराश्य आणि चिंतेवरची ही गोळी काम करते. पण गुण द्यायच्या आधी ती त्रास देते, आणि बहुतेक घोळ तिथंच होतो.

मळमळ, जांभया, डोकं जड, तळहाताला घाम, उडालेली झोप हे सगळं पहिल्या दोन-चार दिवसांतच सुरू होतं. मन हलकं व्हायला मात्र दोन ते चार आठवडे लागतात, पुरता गुण यायला सहा-आठ. मधेच 'ही गोळी मानवत नाही' म्हणून स्ट्रिप फडताळात जाऊन पडते. म्हणून डॉक्टर बऱ्याचदा आठवडाभर ५ मिलिग्रॅम देऊन मग १० वर नेतात. कमाल डोस २०, वयस्कर माणसांना सहसा १०च. उपाशीपोटी मळमळ जास्त होते, तेव्हा भाकरी खाऊन घ्या. रोजे असतील तर सहरीनंतर किंवा इफ्तारनंतर. झोप उडत असेल तर सकाळी, गुंगी येत असेल तर रात्री.

सुरुवातीला घालमेल वाढते, म्हणून सोबत थोडे दिवस क्लोनाझेपाम हे घालमेल शमवणारं, गुंगी आणणारं औषध मिळतं. दोन्ही औषधं एकाच गोळीत असलेली स्ट्रिपही मिळते. नावापुढे बहुधा 'प्लस' असतं. साधी संपली म्हणून मेडिकलवाल्यानं ती दिली, तर क्लोनाझेपाम महिनोन् महिने पोटात जात राहतं आणि त्याची सवय लागते. स्ट्रिपच्या मागची बारीक अक्षरं वाचाच.

आता उन्हाळा. परभणी-नांदेडकडं पारा ४२-४३ वर गेला की आधीच घाम, त्यात या गोळीचा घाम. खरा धोका म्हाताऱ्या माणसांना आहे. या गोळीनं शरीरात पाणी साठून रक्तातलं सोडियम उतरू शकतं. बीपीसाठी क्लोरथॅलिडोन किंवा हायड्रोक्लोरोथायझाइड ही लघवी वाढवणारी औषधं चालू असतील तर शक्यता आणखी वाढते. (टेल्मिसार्टान या बीपीच्या औषधाच्या जोडगोळीत यांतलं एखादं बऱ्याचदा असतं.) डोकं दुखतं, तोल जातो, माणूस असंबद्ध बोलतो. घरचे म्हणतात ऊन लागलं आणि तांब्यावर तांब्या पाणी पाजतात, त्यानं सोडियम आणखी उतरतं. सोडियम नॉर्मल १३५ ते १४५. गोळी सुरू केल्यावर दोन-तीन आठवड्यांनी त्याची साधी रक्ततपासणी करून घ्यावी. मीठ मात्र आपल्या मनानं वाढवू नये.

गुडघेदुखीसाठी या गोळीसोबत डायक्लोफेनॅक रोज घेणाऱ्यांना पोटात रक्तस्राव होण्याची भीती असते; शौच काळी झाली तर वेळ न घालवता डॉक्टरांकडे जा. ट्रॅमाडॉल हे वेदनाशामक सोबत नकोच. थरथर, ताप, घालमेल होऊन प्रकरण दवाखान्यात ॲडमिट होण्यापर्यंत जातं.

ज्याबद्दल कुणी तोंड उघडत नाही तेही लिहून ठेवतो. कामेच्छा कमी होते, पुरुषांत वीर्यपतन लांबतं, स्त्रियांना तृप्ती मिळत नाही. मळमळ जाते, हे बऱ्याचदा जात नाही. नवरा-बायकोत यावरून गैरसमज होतात आणि गोळी गुपचूप बंद होते. डॉक्टरांना सांगितलं तर डोस कमी करता येतो, औषध बदलता येतं.

पंचविशीच्या आतल्या मुलांवर पहिले काही आठवडे घरच्यांनी लक्ष ठेवावं, या वयात मरणाचे विचार वाढू शकतात. गोळ्या घरच्यांच्या ताब्यात असाव्यात. १४४१६ या टेलिमानस (मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन) नंबरवर मराठीत बोलता येतं. झोप न घेता कुणी फारच उत्साहात आलं, पैसे उधळू लागलं, तर तो गुण नव्हे. त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.

शेवटचा त्रास हिशेबाचा. स्ट्रिप दहाची, आठवडी बाजार सात दिवसांनी. गावातल्या मेडिकलवर चिठ्ठी दाखवायची लाज, म्हणून तालुक्याला जायचं. एक बाजार चुकला की गोळ्यांत खंड. या औषधाचा निम्मा अंश साधारण तीस तासांत शरीरातून जातो, त्यामुळे दोन-तीन दिवसांत चक्कर, चिडचिड, डोक्यात करंट लागल्यासारखे झटके सुरू होतात. लोकांना वाटतं, आजार उलटला किंवा गोळीची सवय लागली. एक स्ट्रिप कायम शिल्लक ठेवली की हे टळतं.

बरं वाटू लागल्यावरही पहिल्या खेपेला निदान सहा-नऊ महिने चालवतात. मग डॉक्टरांच्या सल्ल्यानं १० वरून ५, काही आठवड्यांनी अडीच. शेवटचा टप्पा सगळ्यांत हळू, कारण ५ वरून शून्यावर येताना मेंदूला बसणारा फरक १० वरून ५ वर येण्यापेक्षा कितीतरी मोठा असतो. एक दिवसाआड घेऊन सोडायची युक्ती या गोळीला चालत नाही. दर दुसऱ्या दिवशी तेच झटके.