विदर्भ-अभ्यासाचा कोर्स केला, ज्यांना घ्यायचाय त्यांच्यासाठी (५ पैकी ४)

मागच्या वर्षी आपल्या नागपुरातल्याच एका कॉलेजात हा एक वर्षाचा कोर्स केला, दोन-तीन जण विचारून राहिले होते म्हणून इथंच लिहून टाकतो. शनिवार-रविवारी तास असतात, नोकरी सांभाळून जमते.

शिकवणं एक नंबर, अन् सगळ्यात भारी म्हणजे बाहेर नेतात. काटोल रोडकडचं जुनापाणी माहीत आहे ना, तिथली शिळावर्तुळं, म्हणजे गोलात मांडलेले मोठे दगड, ही लोहयुगातल्या लोकांची दफनं, मी त्या रस्त्यानं शंभरदा गेलो असीन पण कधी उतरलो नाही. मॅडमनी एका दगडापाशी बसवलं, म्हणाल्या हात फिरवून पाहा, तर दगडात वाटीसारखे छोटे छोटे खळगे कोरलेले, बोटाचं टोक बरोबर बसते त्यात. अंगावर काटा आला. मग नागपूरजवळच्याच माहुरझरी गावाचं सांगितलं, तिथं सत्तरच्या दशकात खोदकाम झालं तेव्हा तांब्याच्या दागिन्यांसकट पुरलेला घोडा निघाला, अन् शाळेत आम्ही पिरॅमिड पाठ करत होतो!

दुसरं म्हणजे गोंडी, गोंड लोकांची भाषा. हे शहर वसवलं गोंड राजा बख्त बुलंद शाहनं, अन् पाण्याला गोंडीत 'येर' म्हणतात हे मला चाळिशीत कळलं. बाजूला बसणारा पोरगा गडचिरोलीकडचा, घरी गोंडीच बोलतात, पहिल्या तासाला मान खाली घालून बसला होता, महिनाभरात तोच आम्हा सगळ्यांचे उच्चार सुधारत होता. त्याचा चेहरा पाहायला पाहिजे होता तेव्हा.

एक स्टार कापला तो याच्यासाठीच. गोंडीचे तास वर्षभरात फक्त आठ, कोलाम लोकांची कोलामी भाषा तर नावालाच, शिकवणारे सर तासिका तत्त्वावर, चार-चार महिने मानधन नाही तरी येत होते. जुनी गॅझेटियर, म्हणजे जिल्ह्यांच्या माहितीचे सरकारी ग्रंथ, कुलूपबंद कपाटात अन् चावी ज्याच्याकडे तो रविवारी सुट्टीवर, मग आमच्यासारख्या नोकरीवाल्यांनी वाचायचं कधी? विद्यापीठाला १०० वर्षं होऊन गेली, विदर्भ संशोधन मंडळ १९३४ पासून याच शहरात आहे, मग या विषयाचं स्वतंत्र कॉलेज काहून नाही होऊ शकत, निदान गोंडी-कोलामीसाठी एक-एक कायम जागा तरी काढा.

तरी प्रवेश नक्की घ्या. जुनापाणीला जाताना टोपी अन् पाणी न्या, दिवसभर उन्हातच राहावं लागते.