अण्णांची श्रवणयंत्रे : नऊ महिन्यांच्या वापरानंतर

अण्णांना ऐकू येत नाही असे आम्ही घरात कधी म्हटलेच नाही. ‘हल्ली त्यांचे लक्ष नसते’ असे आम्ही दोन वर्षे म्हणत राहिलो. त्यांचे वय ८१. बुधवार पेठेतल्या एका छापखान्यात, यंत्रांच्या खडखडाटात त्यांची ३८ वर्षे गेली. मी ‘चहा ठेवू का?’ असे विचारावे आणि त्यांनी ‘दहा वाजायला वेळ आहे अजून’ असे उत्तर द्यावे, यावर आम्ही हसतही होतो. एके दिवशी ते स्वतःच म्हणाले, ‘आवाज येतो गं, पण शब्द लागत नाहीत.’ त्यांचा नेमका आजार या एका वाक्यात होता, हे मला पुढे तपासणीच्या वेळी कळले.

पहिली चूक माझी. मी ऑनलाइन अडीच हजारांचे एक यंत्र मागवले. ते सगळेच आवाज सारखे वाढवते; त्यामुळे कुकरची शिट्टी आणि भांड्यांचा खणखणाट कानात घुसे आणि माणसाचे बोलणे होते तिथेच राही. आठवड्याभरात ते खणात गेले.

मग रीतसर तपासणी करायला गेलो, तर दोन्ही कान मळाने भरलेले निघाले. आधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडून ते स्वच्छ करून घ्यावे लागले आणि तपासणी चार दिवस पुढे गेली. कुणी मळ न काढताच यंत्र विकायला निघाले, तर तिथून सरळ उठावे. तपासणीच्या आलेखात अण्णांचा उजवा कान सरासरी ५५ डेसिबल आणि डावा ६० डेसिबल दिसला (हा आकडा जितका मोठा, तितके ऐकू कमी), पण खरी घसरण होती ती बारीक, तीक्ष्ण आवाजांत. वयाने आणि वर्षानुवर्षांच्या गोंगाटाने हे आवाज आधी जातात. बोलण्यातला जोर स्वरांमध्ये असतो आणि तो अण्णांपर्यंत पोहोचत होता. शब्द ओळखू येतो तो स, श, फ, थ यांसारख्या व्यंजनांमुळे, आणि नेमकी तीच गळत होती. म्हणूनच ओरडून काही साधत नव्हते, कारण ओरडताना स्वर मोठे होतात आणि व्यंजने होती तिथेच राहतात.

दोन्ही कानांसाठी कानामागे बसणारी यंत्रे घेतली, साच्यासह (कानाच्या मापाचा, कानात बसणारा तुकडा), ६८,००० रुपयांना. श्रवणयंत्रांवर जीएसटी नाही, त्यामुळे बिलात तो लावलेला दिसला तर विचारावे. विक्रेत्याने कानाच्या आत लपणारे छोटे यंत्र फार आग्रहाने पुढे केले होते. परंतु अण्णांच्या बोटांना कंप आहे आणि त्या यंत्राची बॅटरी तांदळाच्या दाण्याहून थोडी मोठी. मी कानामागचेच घेतले, आणि त्याचा आजवर पश्चात्ताप झालेला नाही. त्याच विक्रेत्याने ‘यंत्र लावले की विस्मरणाची भीती गेली’ असेही ठामपणे सांगितले. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाच्या २०२० आणि २०२४ च्या अहवालांत श्रवणदोष हा स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या कारणांत धरलेला आहे, हे खरे. पण २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या, ७० ते ८४ वयाच्या लोकांवरील श्रवणयंत्रांच्या मोठ्या चाचणीत तीन वर्षांनंतर बुद्धीच्या ऱ्हासात सर्वांचा मिळून फारसा फरक दिसला नव्हता, तो दिसला फक्त आधीच जास्त धोका असलेल्यांच्या गटात. आम्ही यंत्र घेतले ते अण्णांनी आमच्याशी बोलावे म्हणून, आणि तेवढे कारण पुरेसे होते.

पहिले तीन आठवडे मात्र वाईट गेले. अण्णांना स्वतःचा आवाज माठात तोंड घालून बोलल्यासारखा वाटे, स्वतःचे चावणे ऐकू येई आणि पंख्याचा आवाज सहन होत नसे. चष्मा लावला की दिसू लागते. इथे तसे नाही, मेंदूला विसरलेले आवाज पुन्हा ओळखायला वेळ लागतो. साच्यातले हवेचे छिद्र मोठे करून घेतल्यावर माठाची तक्रार संपली. सुरुवातीला आवाजाची पातळी मुद्दाम कमी ठेवून ती दर भेटीत वाढवली गेली. अशा चार भेटी झाल्या. पहिल्या दोन भेटींत दुकानातल्या तरुणाने संगणकाने सुचवलेले आकडे तसेच भरले आणि अण्णांना काहीच विचारले नाही. तिसऱ्या भेटीत मी हटून बसले, तेव्हा कुठे त्यांना शब्द ऐकवून तपासले गेले. यंत्राची किंमत विचारता तशीच ‘जुळवणीच्या भेटी किती आणि किती दिवसांपर्यंत’ हेही आधी लिहून घ्यावे.

पावसाळ्यात यंत्रांना दमटपणाचा त्रास होतो. जुलैत दोनदा यंत्र ‘बंद पडले’, आणि दोन्ही वेळा दोष यंत्रातून साच्यात आवाज नेणाऱ्या नळीत साचलेल्या बाष्पाच्या एका थेंबाचा होता. रबरी फुग्याने फुंकर मारली की ते चालू होई. तेव्हापासून ती रात्री सिलिका जेलच्या डबीत ठेवतो. आमच्या डबीतले निळे खडे ओल शोषून गुलाबी होतात, की ते उन्हात वाळवायचे.

बॅटरी नारिंगी पट्टीची, १३ नंबरची आहे आणि ती दहा-बारा दिवस चालते. ही बॅटरी हवेवर चालत असल्याने पट्टी काढून दोन-तीन मिनिटे तशीच ठेवावी लागते, हे आम्हाला कुणी सांगितले नव्हते. याहून महत्त्वाची गोष्ट अशी की ही बॅटरी अगदी गोळीसारखी दिसते. अण्णांच्या रक्तदाबाच्या गोळ्यांच्या डब्याशेजारी एकदा वापरलेली बॅटरी पडलेली आईने पाहिली आणि आमच्या अंगावर काटा आला. आता जुन्या बॅटऱ्या स्वयंपाकघरातल्या वरच्या फळीवर, झाकणाच्या बाटलीत जातात.

थंडीत कानटोपी घातली की यंत्र शिट्टी मारते, कारण बाहेर निसटलेला आवाज टोपीवर आपटून पुन्हा माइकमध्ये शिरतो. पहाटे फिरायला जाताना अण्णा ती कानाच्या वर सरकवून घालतात. विचित्र दिसते, पण चालते. फोनही कानाच्या भोकाशी न धरता जरा वर, यंत्राजवळ धरावा लागतो, कारण माइक तिथे असतो. विसर्जनाच्या दिवशी आमच्या गल्लीच्या तोंडाशी ढोल-ताशांचा कल्लोळ सुरू झाला, तेव्हा अण्णांनी यंत्रे बंद केली आणि साचे कानातच ठेवले. यंत्र बंद असले की साचा थोडेफार बोळ्याचे काम करतो.

गाण्याची अडचण मला मुळीच अपेक्षित नव्हती. रमणबागेतल्या सवाई गंधर्वला अण्णा वर्षानुवर्षे जात होते. यंत्र लावून भीमसेनजींची जुनी ध्वनिफीत लावली, तेव्हा त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या: तानपुरा ‘थरथरतोय आणि मधेच गायब होतोय’. नंतर समजले की शिट्टी थांबवणारी यंत्रातली यंत्रणा लांब, स्थिर सुराला शिट्टीच समजते आणि तो दाबून टाकते. चौथ्या भेटीत संगीतासाठी ती यंत्रणा बंद असलेला वेगळा प्रोग्रॅम यंत्रात भरून घेतला, एका बटणावर. तो न मागता मिळत नाही.

गर्दीत मात्र यंत्राची मर्यादा लगेच कळते. मंगल कार्यालयात पंगतीला बसले की अण्णा अजूनही हसून मान डोलावतात, म्हणजे काही कळलेले नसते. घरात आम्हीच काही सवयी बदलल्या: स्वयंपाकघरातून हाक मारायची नाही, समोर जाऊन आधी ‘अण्णा’ म्हणायचे, त्यांची नजर वळली की मगच पुढचे बोलायचे, आणि आपल्या तोंडावर उजेड राहील असे उभे राहायचे. अंतर दुप्पट झाले की आवाज सहा डेसिबलने उतरतो, हे कळल्यावर आईने पहिल्यांदा जागची उठून बोलायला सुरुवात केली. यंत्र आल्यापासून पडलेल्या फरकातला निम्मा तरी या सवयींचा असावा, असा माझा अंदाज आहे.

साच्याच्या नळ्या आता पिवळ्या आणि ताठ झाल्या आहेत, त्या या महिन्यात बदलायच्या आहेत. अण्णा सकाळी स्नान झाल्यावर यंत्रे लावतात आणि रात्री नऊला काढून डबीत ठेवतात. नऊनंतर काही सांगायचे राहिले तर मी ते दुसऱ्या दिवशी सकाळी सांगते.